पर्याय काय म्हणालीस, तर हा घे

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालीस की पप्पा तुम्ही नुसता सरकारला विरोध करता, पर्याय काय ते कधी सांगत नाही, आणि तेवढ्यात तुझी मीटिंग लागली. फोनवर मला पटापट मांडता येत नाही, म्हणून हे मोबाईलवर टाइप करतोय, थोडं लांबेल, ऑफिसला जाताना वाच.

तुझं म्हणणं मला कळलं. कायदे कडक केले की कंपन्या दुसऱ्या राज्यात जातात, अ‍ॅपवर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना हवं तेव्हा लॉगिन करून काम करायची सोय हवी असते, सरकारने धंद्यात पडू नये, आणि गरिबाला मदत करायचीच तर सरळ खात्यावर पैसे टाकावेत. आज राज्य चालवणाऱ्यांचं पण साधारण हेच म्हणणं आहे, वरून संस्कृती आणि परंपरा जपायच्या. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते मी माझ्या माथाडीच्या, म्हणजे बाजारात डोक्या-पाठीवर माल वाहायच्या, कामावरूनच सांगतो, कारण दुसरं मला फार काही येत नाही.

तुझे आजोबा मशीद बंदरला पोती उचलायचे. सातारा जिल्ह्यातली आपल्यासारखी हजारो माणसं तिथे होती. दिवसभरात दहा व्यापाऱ्यांचा माल उचलला तरी मालक कोण असं विचारलं तर कुणीच नाही. व्यापारी म्हणायचा हा माझा नोकर नाही, पैसे मी मुकादमाला दिले. मुकादम आपला वाटा काढून उरलेलं टोळीत वाटायचा. पोतं अंगावर पडलं, कंबर गेली, तर गाडीभाडं स्वतःच्या खिशातून देऊन गावी यायचं. रजा नाही, फंड नाही, म्हातारपणी काही नाही. आता तू मला सांग, तुझ्या कंपनीच्या जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपवर रात्री बारा वाजता पावसात बाईक चालवणाऱ्या पोराची गोष्ट यापेक्षा वेगळी काय आहे? त्यालाही मालक नाही. कंपनी म्हणते आम्ही फक्त गिऱ्हाईक जोडून देतो, हॉटेलवाला म्हणतो माझा माणूस नाही, गिऱ्हाईक म्हणतं मी पैसे भरलेत. रेटिंग पडलं की आयडी ब्लॉक, आणि कुणाकडे जायचं ते त्याला माहीत नसतं.

अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांची युनियन बांधली, मोर्चे काढले, संप केले, तेव्हा कुठे १९६९ ला माथाडी कायदा झाला. त्या कायद्याने जे केलं ते मला आजही फार हुशारीचं वाटतं. मालक कोण या भांडणात तो पडलाच नाही. बाजारातले सगळे व्यापारी आणि सगळे कामगार एका बोर्डात नोंदवायचे, बोर्डावर दोन्ही बाजूंची माणसं आणि सरकारची माणसं, मजुरी व्यापाऱ्याने बोर्डात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरायची. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा, दवाखाना. माणूस आज या गाळ्यावर आणि उद्या त्या गाळ्यावर काम करायचा तरी त्याचा हक्क बोर्डात त्याच्या नावावर जमा होत राहायचा. म्हणजे तू म्हणतेस ती लवचिकता पण राहिली आणि म्हातारपण पण सुटलं. मार्केट वाशीला हललं तेव्हा बोर्ड पण आमच्याबरोबर आलं. व्यापारी तेव्हा ओरडत होते की धंदा बुडेल, पण मार्केट आजही तिथेच उभं आहे. तुझ्या हॉस्टेलची फी मी फंडातून उचल घेऊन भरली होती, ते तुला माहीतच आहे.

तर माझा पहिला पर्याय हा. अ‍ॅपवर काम करणाऱ्या प्रत्येकासाठी माथाडीसारखं बोर्ड, प्रत्येक ऑर्डरमागे लेव्ही, आणि कंपनी बदलली तरी पोराचं खातं तेच. हे मी स्वप्नातलं सांगत नाही. राजस्थानने २०२३ ला गिग कामगारांचा, म्हणजे अशा अ‍ॅपवर काम करणाऱ्यांचा, कायदा केला, देशात पहिला. कर्नाटकने २०२५ ला केला, त्यात कामगाराला जे पैसे मिळतात त्याच्या १ ते ५ टक्के वेल्फेअर फी कंपनीकडून घ्यायची तरतूद आहे. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यावेत असं २०२० लाच लिहिलंय, पण ती संहिता लागू व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. आणि ही कल्पना ज्या महाराष्ट्रात जन्मली तिथे काय, तर २०२३ ला माथाडी कायद्यातच दुरुस्तीचं विधेयक आणलं. कारण सांगितलं की बोगस टोळ्या व्यापाऱ्यांकडून खंडणी घेतात. घेतात, मी नाही म्हणणार नाही, आमच्या नावावर गुंडगिरी करणारे मी स्वतः बघितलेत आणि त्यांना आत टाकलं पाहिजे. पण म्हणून खऱ्या माथाड्याचं कवच कशाला पातळ करायचं?

गेल्या काही वर्षांतल्या दोन गोष्टी बघ. २०२३ च्या सप्टेंबरला सरकारी नोकऱ्या एजन्सीमार्फत कंत्राटी भरायचा जीआर निघाला, पोरं रस्त्यावर आली तेव्हा ऑक्टोबरमध्ये रद्द केला (कंत्राटी भरती आधीच्या सरकारांनी पण केली, त्यांना पण मी सोडत नाही). मग २०२५ च्या सप्टेंबरला कारखान्यात दिवसाचे कामाचे तास ९ वरून १२ पर्यंत न्यायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. बारा तास उभं राहून काम केल्यावर माणूस घरी येऊन लेकराशी काय बोलणार? आठवड्याचे तास तेच राहतात असं सांगतात, पण ज्याची नोकरी मालकाच्या मर्जीवर आहे तो नाही कसा म्हणणार.

आता खात्यावरच्या पैशांचं. तुझ्या आईला लाडकी बहीणचे १५०० मिळतात, आणि त्या पैशाला मी कधीच नावं ठेवणार नाही, ती ते स्वतःच्या हाताने काढते आणि स्वतःच्या औषधाला वापरते. पण २०२५ च्या पडताळणीत कितीतरी बायकांची नावं गळाली, त्यांनी दाद कुठे मागायची? कायद्याने दिलेला हक्क असा एका यादीने जात नाही. रोजगार हमी बघ ना. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आपल्या घरातली बायामाणसं पण गेली होती. त्याच्याआधी १९६५ ला विधान परिषदेचे सभापती वि. स. पाग्यांनी तासगावच्या विसापूरला हे करून बघितलं होतं, मग दुष्काळात राज्यभर झालं, १९७७ ला कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू. काम मागितलं की सरकारला द्यावंच लागेल. पुढे २००५ ला देशाने तेच उचललं. मला हे शहरात पण हवंय, नाले, शाळांच्या भिंती, झाडं, पाळणाघरं, आपल्या शहरांत काम काय कमी आहे का. केरळने २०१० च्या सुमाराला शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थानने २०२२ ला.

पैसा कुठून आणणार, हे तू विचारणारच. तुझी सॅलरी स्लिप काढ. प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा टॅक्स महाराष्ट्राने १९७५ ला खास रोजगार हमीसाठी बसवला होता, शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुरासाठी द्यायचा आणि तेवढीच भर सरकारने टाकायची. २५०० ची मर्यादा घटनेत १९८८ पासून तशीच आहे. तेव्हाचे २५०० आणि आजचे २५०० एकच का? साधा क्लार्कही तेवढेच देतो आणि कोटीचं पॅकेज घेणारा पण तेवढेच. ती मर्यादा वाढवा, वरच्या पगाराला जास्त लावा, आणि तो पैसा फक्त कामाच्या हमीसाठीच ठेवा. तुझ्या पगारातून जास्त जातील, हो, आणि मला ते चालेल.

शाळेचं थोडक्यात सांगतो. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं चाललंय. आपल्या वरच्या वाडीतली पोरगी सहावीनंतर जंगलातून रोज चालत जाईल का, घरचे पाठवतील का? शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, पोराला न पाठवणाऱ्या आईबापाला महिना १ रुपया दंड ठेवला. एका संस्थानाला तेव्हा परवडलं. त्याच राजाने जातीबाहेरच्या लग्नाला कायद्याचा आधार दिला, आणि आपल्या राज्यात २०२२ च्या डिसेंबरला धर्माबाहेर लग्न केलेल्या मुलींची माहिती घ्यायला समिती नेमली गेली. मला याचा त्रास होतो. तू कुणाशी लग्न करायचं हे तू ठरवशील, सरकार नाही आणि मी पण नाही.

चांगलं झालं ते पण सांगतो. आरोग्य खात्याच्या सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केले, हे याच सरकारने केलं आणि बरोबर केलं. पण केसपेपर फुकट मिळून डॉक्टरची खुर्ची रिकामी असेल तर काय उपयोग, म्हणून त्याचा पण कायदा हवा, राजस्थानने २०२३ ला आरोग्याच्या हक्काचा केला तसा, आणि कायमस्वरूपी भरती.

तुझ्या कंपनीत तू ऑपरेशन्सला आहेस म्हणून एक विचारतो. एका ऑर्डरमागे २ रुपये लेव्ही धरली तर तुमच्या एका शहराचा महिन्याचा आकडा किती होतो, आणि त्यात किती पोरांचा अपघात विमा आणि फंड बसतो, एवढं हिशोब करून बघ. कंपनीची आतली माहिती मला नको, तुझं तूच बघ आणि मग सांग धंदा बुडतो का. बुडतो असं निघालं तर तसंही सांग, पण आकड्यानिशी. आणि तुमच्या रायडर पोरांची ई-श्रमवर, म्हणजे केंद्राच्या असंघटित कामगारांच्या पोर्टलवर, नोंदणी झाली आहे का ते विचार, नसेल तर करून दे.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा आधार कार्ड आण. सातबाऱ्यावर तुझं नाव भावाच्या बरोबरीने लावायचंय, तलाठ्याशी माझं बोलणं झालंय.

पप्पा