शेवटच्या गाडीची घाई

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मोटरसायकलवाल्यांबद्दल वाचकांची पत्रं येतात ती बहुतेक सायलेन्सरच्या आवाजाची नाहीतर अडवलेल्या रस्त्याची. त्या तक्रारी रास्तच आहेत. पण गटानं गाड्या काढण्याच्या आमच्या पद्धतीत एक चूक आहे, ती बाहेरून दिसत नाही आणि आम्ही आतले तिच्याबद्दल बोलत नाही.

गेल्या शनिवारी आम्ही चौदा जण किनाऱ्याच्या रस्त्यानं निघालो. पलीकडून दुसरा गट येणार होता, मुक्कामी भेट ठरली होती. वर्षभर फोनवर बोललेली माणसं पहिल्यांदा समोर दिसणार, म्हणून सगळे खुशीत. मुक्काम वीसेक किलोमीटरवर असताना आमच्यातला सर्वांत नवा मुलगा एका वळणावर बाहेर गेला, वाळूवरून पुढचं चाक घसरलं आणि तो पडला. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे सगळं अंगावर होतं, म्हणून गळपट्टीच्या हाडावर निभावलं.

तो वेडावाकडा चालवणारा नाही. तो फक्त मागे पडला होता आणि आम्हाला गाठत होता.

रांगेतली पहिली गाडी वळणाला चाळीसवर येते आणि वळण संपताच सत्तरवर जाते. मागची मात्र अजून वळणातच असते. चौदा गाड्यांत हे अंतर ताणत जातं आणि पुढच्यांनी आरामात कापलेला रस्ता शेवटच्याला ऐंशी-नव्वदनं कापावा लागतो. ६० ऐवजी ८० च्या वेगानं तेच वळण घेतलं तर टायरला जवळपास पावणेदोन पट पकड लागते, कारण ती वेगाच्या वर्गानं वाढते. आणि ही जागा आपण ठेवतो कुणासाठी? नव्या माणसासाठी! त्यात समुद्राकाठी वाऱ्यानं वाळू नेमकी वळणावर साचते, डोंगराचा आडोसा संपला की बाजूनं झोत बसतो आणि खाऱ्या तुषारांनी हेल्मेटची काच धूसर होते. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांची पाहणी करणारा हर्ट अहवाल १९८१ साली आला. ज्या अपघातांत दुसरं वाहनच नव्हतं, त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांशांत चूक स्वाराची निघाली, आणि ती नेहमीची: जादा ब्रेक लावून घसरणं, किंवा वेगामुळे वळणातून बाहेर जाणं.

यावर जुना, साधा उपाय आहे. लीड (सर्वांत पुढे चालणारा) आणि स्वीप (सर्वांत मागे राहणारा) ठरलेले, मधल्यांनी कुणालाच गाठायचं नाही. फाटा आला की लीडच्या मागची गाडी सुरक्षित जागी कडेला थांबते, बाकीच्यांना दिशा दाखवते, आणि स्वीप दिसला की त्याच्या पुढे रांगेत शिरते. पुढच्या फाट्यावर तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर असेल तो थांबतो. स्वीप कुणालाही ओलांडत नाही, शेवटचा माणूस कितीही हळू असो. पुढची गाडी नजरेआड झाली तरी रस्ता चुकत नाही, मग गाठायची घाई करायचं कारणच उरत नाही. मी हे दोनदा करून पाहिलंय. मोठ्या गटाला पोहोचायला थोडा उशीर झाला, इतकंच. अंतर दोन सेकंदांचं ठेवावं. ८० च्या वेगाला ते ४४ मीटर होतं, आणि आमच्या फोटोंत गाड्या इतक्या लांब कधीच दिसत नाहीत.

भेटीची वेळही 'अकराला सगळे हजर' अशी का ठरावी? अकरा ते एक म्हणावं. त्या दिवशी बाराला पाच कमी असताना फोन वाजत होते, 'कुठे पोहोचलात?' म्हणून. तो मुलगा ते ऐकूनच निघाला होता. लीड मी होतो. आरशात तो दिसेनासा झाला होता आणि मी वेग कमी केला नाही, हे इथे लिहायलाच हवं.

भेट झाली, पण दवाखान्याच्या आवारात. पलीकडच्या गटातले सगळे तिथे आले, दोघं रात्रभर थांबले. त्याची गाडीही त्यांनीच गोड्या पाण्यानं धुऊन चेनला तेल देऊन ठेवली, कारण खारा थर रात्रीत गंज धरतो.

राईड ठरवणाऱ्या सर्वांना विनंती, निघण्याआधी पाच मिनिटं काढून फाट्यावर कोण थांबणार हे सांगा. हाड जुळून डॉक्टरांनी परवानगी दिली की तो पुन्हा येणार आहे. त्याची जागा लीडच्या लगेच मागे असेल. स्वीप मी.

आपला,
एक मोटरसायकलस्वार वाचक