लॉग फाइलमध्ये विद्यार्थ्यांचे पासवर्ड उघडे सापडल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आमची नोंदणी वेबसाइट बनवणारी व सांभाळणारी कंपनी,
बाणेर, पुणे.

विषय : नको ती माहिती लॉगमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या कामकाजाच्या नोंदवहीत, साठवल्याबद्दल आणि हवी ती न ठेवल्याबद्दल.

महोदय,

सदाशिव पेठेतील आमच्या अभ्यासिकेची वेबसाइट आपल्या कंपनीने जँगोवर, म्हणजे पायथॉन भाषेतील वेबसाइट बांधण्याच्या तयार चौकटीवर, बांधून दिली. देखभालीचा करारही आपल्याशीच आहे. सपोर्टशी फोनवर बोलून झाले, ईमेलही झाले. आता हे रीतसर लेखी देत आहे, कारण प्रकरण आता आमच्या पैशांपुरते राहिलेले नाही.

राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेच्या तोंडावर आमच्या एका विद्यार्थिनीची महिन्याभराची जागा तिच्याच खात्यातून रद्द झाली आणि लगेच दुसऱ्याच्या नावावर चढली. ती म्हणते, मी रद्द केलेली नाही. तिच्यावर अविश्वास दाखवायला मला कारण नाही, पण पैसे भरून बसलेल्या दुसऱ्या मुलाला उठवायचे तर पुरावा हवा. म्हणून आपल्याला विचारले : जागा कोणी, कुठून आणि केव्हा रद्द केली? उत्तरादाखल आपल्या सपोर्टच्या मुलाने अख्खी लॉग फाइल झिप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. सोबत निरोप, "मॅडम, यात सगळं आहे."

खरोखरच सगळे होते, मी विचारलेले तेवढे सोडून.

लॉगिनच्या प्रत्येक ओळीत मोबाइल क्रमांक आणि त्याला लागून पासवर्ड, जसा टाइप केला तसा. फी भरतानाचे ओटीपी. प्रत्येक रिक्वेस्टची, म्हणजे ब्राउझरने वेबसाइटकडे केलेल्या मागणीची, सगळी हेडर्स (मागणीसोबत येणारी माहिती), आणि त्यात सेशनची कुकीसुद्धा, म्हणजे लॉगिन झालेल्याची ओळखचिठ्ठी. जँगोत ही कुकी मुळात दोन आठवडे चालते. ती हाती असली की पासवर्डही लागत नाही, सरळ त्या मुलाच्या खात्यात शिरता येते. आमच्याकडची बरीच मुले एकच पासवर्ड ईमेलपासून परीक्षेच्या अर्जापर्यंत सगळीकडे वापरतात. ही फाइल आता माझ्या फोनमध्ये आहे, आपल्या सपोर्टच्या मुलाच्या फोनमध्ये आहे, आणखी कुठे कुठे आहे ते आपण सांगावे.

आता जे हवे होते त्याबद्दल. आयपीच्या, म्हणजे मागणी कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून आली त्याच्या, रकान्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता. युजरच्या रकान्यात सगळीकडे आडवी रेघ. रिक्वेस्ट यशस्वी झाली की फसली, याची नोंदच नाही. रात्री साडेदहाची घटना लॉगमध्ये संध्याकाळी पाच वाजता दिसते, कारण वेळ यूटीसीची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेची, ठेवली आहे आणि तसे कुठे लिहिलेलेही नाही. जागा रद्द करणारा अशाच एखाद्या चोरलेल्या कुकीने आत आला असेल का? आपला लॉग ते सांगू शकत नाही. घराच्या किल्ल्यांचे फोटो काढून ठेवायचे आणि आत कोण आले ते बघायचे नाही, अशी ही राखण आहे.

करारानुसार सोर्स कोड आमच्याकडे आहे. आमच्याच अभ्यासिकेत बसून गेलेली एक मुलगी आता पायथॉनवर काम करते. तिने तो वाचून दाखवला. रिक्वेस्ट नोंदवणारे आपले मिडलवेअर (येणारी रिक्वेस्ट आणि जाणारे उत्तर ज्यातून जाते तो मधला टप्पा) सेटिंग्जच्या यादीत सगळ्यात वर, युजर ओळखणाऱ्या ऑथेंटिकेशनच्याही आधी बसवले आहे आणि रिक्वेस्ट पुढे पाठवण्यापूर्वीच ते लिहून मोकळे होते. त्या क्षणी युजर कोण हे ठरलेले नसते, उत्तर तयार नसते, किती वेळ लागला हेही कळलेले नसते. तीच नोंद उत्तर परत येताना केली असती तर युजर आणि स्टेटस कोड (यश-अपयश सांगणारा आकडा) दोन्ही मिळाले असते. आयपीचे कारण वेगळे : पुढे एनजिन्क्स, म्हणजे बाहेरच्या रिक्वेस्ट घेऊन जँगोकडे पोचवणारा सर्व्हर, उभा आहे आणि आपण त्याच्याकडून खरा पत्ता घेतलेलाच नाही.

त्याच फाइलमध्ये आणखी एक जुने कोडे सुटले. ओळखपत्राचा फोटो चढवताना मुलांना अधूनमधून "बॅड रिक्वेस्ट" येते, ही तक्रार मी कितीदा केली आहे. आपले ठरलेले उत्तर, "फोटो लहान करायला सांगा." जँगोमध्ये रिक्वेस्टची संपूर्ण बॉडी, म्हणजे तिच्यातून पाठवलेला सगळा मजकूर, एकदम वाचायला गेले तर मुळात अडीच एमबीची मर्यादा आहे. नेहमीच्या फाइल अपलोडला ती लागू होत नाही, कारण तिथे फाइल वेगळ्या वाटेने जाते. आपले मिडलवेअर लॉगसाठी आधीच सगळी बॉडी मागते, म्हणून मोबाइलवर काढलेला मोठा फोटो दारातच अडतो. आणि जे छोटे फोटो पार होतात ते ओळखपत्रासकट लॉगमध्ये उतरतात. म्हणजे इतके दिवस आमच्या कारकुनाने मुलांना फोटो लहान करायला शिकवले ते आपला लॉग नीट भरावा म्हणून!

आपल्या ईमेलमधील खुलासे वाचले. पहिला, "पासवर्ड आम्ही हॅश करून ठेवतो." म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही अशा रूपात. डेटाबेसमध्ये तसा ठेवता, मान्य, पण लॉग त्याला हॅश होण्याआधीच पकडतो. दुसरा, "संवेदनशील गोष्टी जँगो आपोआप झाकतो." जँगो झाकतो ते एररच्या अहवालात, आणि तिथेही फॉर्ममधली कोणती फील्ड झाकायची हे प्रोग्रामरने सांगावे लागते. आपण स्वतः लिहिलेल्या लॉगच्या ओळीला तो हात लावत नाही. तिसरा, "सरकारी नियमाने लॉग ठेवावेच लागतात." सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितले आहे, हे खरे. पासवर्ड लिहून ठेवा असे त्यात कुठेही नाही. माहिती फुटल्यास ६ तासांत कळवा असे मात्र त्याच निर्देशांत आहे. तो भाग आपल्या ईमेलमध्ये आला नाही.

ही चूक मोठमोठ्यांकडून झाली आहे, हे मला ठाऊक आहे. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या अंतर्गत लॉगमध्ये पासवर्ड उघडे लिहिले गेल्याचे स्वतः जाहीर केले आणि सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितले. फेसबुकचे असेच प्रकरण मार्च २०१९ मध्ये बाहेर आले. त्यापायी आयर्लंडच्या नियामकाने २०२४ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, ९.१ कोटी युरोंचा दंड केला. निदान त्यांनी वापरकर्त्यांना कळवण्याचे पैसे वापरकर्त्यांकडे मागितले नव्हते. आपण मला दुरुस्तीसाठी "चेंज रिक्वेस्ट"चे कोटेशन पाठवले आहे. ते नामंजूर आहे. मी नवे काही मागत नसून बिघडलेले दुरुस्त करून मागत आहे.

आधी सर्व्हरवरील, बॅकअपमधील आणि आपल्या लोकांच्या लॅपटॉप-फोनमधील जुन्या लॉगमधून पासवर्ड, ओटीपी, कुकी आणि फोटो काढून टाकावेत. रद्द झालेल्या जागेसंबंधीच्या ओळी तेवढ्या झाकपाक करून जपाव्यात, त्या मला लागणार आहेत. चालू असलेली सगळी सेशन्स बंद करून प्रत्येकाला नवा पासवर्ड ठेवायला लावावा. मुलांना मी स्वतः कळवीन, पण काय घडले ते आपल्या लेटरहेडवर द्यावे. ती फाइल कोणाकोणाला उघडता येत होती, त्यांची यादीही हवी.

पुढच्या लॉगमध्ये भारतीय वेळ, रिक्वेस्टचा क्रमांक, युजरचा आयडी, मेथड (रिक्वेस्टचा प्रकार), पाथ (मागितलेल्या पानाचा पत्ता), स्टेटस कोड आणि लागलेला वेळ इतके पुरे. आयपी एनजिन्क्सने दिलेला घ्यावा. बाहेरून आलेल्या हेडरवर डोळे झाकून विसंबू नये, ते कोणीही खोटे पाठवू शकतो. बॉडी अजिबात नको. पासवर्ड बदलण्याच्या लिंकमध्ये टोकन, म्हणजे बदलाची परवानगी देणारा गुप्त संकेत, असते, तेवढा पाथ झाकावा. आणि जागा घेणे, रद्द करणे, फी परत करणे यांची नोंद लॉगमध्ये शोधत बसावी लागू नये. त्यासाठी डेटाबेसमध्ये स्वतंत्र टेबल असावे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांत पासवर्ड ही संवेदनशील माहिती आहे आणि अशी तक्रार एका महिन्याच्या आत निकाली काढायची असते. तसे न झाल्यास याच कायद्याखालील निवाडा अधिकाऱ्यांकडे अर्ज करीन. तोवर या तिमाहीचे देखभालीचे बिल थांबवले आहे. उत्तर लेखी द्यावे, फोनवरचे धरले जाणार नाही. आणि पुन्हा काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये.

कळावे,

संचालिका,
अभ्यासिका, सदाशिव पेठ, पुणे ४११०३०

सोबत : लॉगमधील निवडक ओळींची छापील प्रत (नावे, क्रमांक व पासवर्ड काळे करून), आपले कोटेशन, कराराची प्रत.