चि. मृणालला, कॅबिनेटबद्दल

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवताना "आई, मशीन माझं आहे" म्हणालीस. तुझंच आहे गं. वाद परदेशी जाताना कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा पत्र्याचा डबा, न्यायचा की नाही एवढाच होता, रागारागात तो मशीनचा झाला. फोनवर माझं बोलणं पुरं होत नाही, म्हणून लिहायला बसले. पाठीचा विषय या पत्रात काढायचा नाही, एवढं मात्र ठरवलंय.

माळ्यावरचं कॅबिनेटचं मूळ खोकं बाबांनी काल रात्रीच काढलं आणि टेप लावून मोजलं. ६२, ३६, ६४ सेंटीमीटर. बेरीज १६२ होते, आणि चेक-इन बॅगेला बहुतेक ठिकाणी १५८ ची मर्यादा असते. २३ किलोत बसेलही, पण आकारासाठी जास्तीचे पैसे घेतील. कुरिअरने पाठवलंस तर ते लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात आणि खरं वजन त्यापेक्षा कमी असलं तरी त्या आकड्याचे पैसे लावतात. आपल्या खोक्याचे साडेअठ्ठावीस किलो येतात. म्हणजे आतल्या रिकाम्या जागेचं भाडं भरायचं. आणि समजा विमानात नेलंस, तर उतरल्यावर पट्ट्यावरून ते धूड ओढून ट्रॉलीवर कोण चढवणार? आलाच विषय. राहू दे.

माझं म्हणणं एवढंच की कॅबिनेट इथे ठेव आणि आतलं ने. ग्राफिक्स कार्ड, माहिती साठवणारी एसएसडी, रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड हे सगळं एका केबिन बॅगेत आरामात मावतं. पत्र्याचा डबा तिकडे मिळेल. मॉनिटर तर नेऊच नकोस, पॅनेलवर नुसता दाब आला तरी गेला. यूपीएसही नको, त्यात शिशाची बॅटरी असते.

तुला ते कॅबिनेटच का हवंय ते मला कळतं. अकरावीत जोडलंस तेव्हापासून आतलं सगळं बदललं, तेवढं एक राहिलं. पंख्यासाठी बाबांनी ड्रिलने पाडलेली भोकं, त्यातलं एक तिरकं. पहिल्या दिवशी बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळी ती काळीच. रॅम एका बाजूने नीट बसली नव्हती, मला दारातूनच दिसत होतं. इतकी वर्षं मशीन दुरुस्तीचंच काम केलं, सांगितलं असतं तर मिनिटाचं काम होतं. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तू सगळ्या केबल काढल्यास, परत लावल्यास, मग रॅमवर दोन्ही अंगठे ठेवून दाबलंस आणि टक् असा आवाज आला. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते.

आता खोलण्याचं. ग्राफिक्स कार्ड आधी काढ. त्याचं वजन बोर्डावरच्या स्लॉटवर लोंबकळतं, प्रवासात खोकं आपटलं की स्लॉटच उखडतो. स्क्रू काढल्यावर स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबायला विसरू नकोस. प्रोसेसरवरच्या कुलरचं मात्र घाईने करू नकोस. तुझा प्रोसेसर एएम४ सॉकेटचा, पिना त्याच्याच पोटाला. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली असेल तर कुलर सरळ वर ओढल्यावर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून बरोबर येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन थोडा वेळ चालव, काहीतरी जड काम, रेंडर वगैरे, लाव म्हणजे पेस्ट मऊ पडेल. मग बंद कर, वायर काढ, आणि कुलर डावीकडे-उजवीकडे हलके फिरवत सोडव. हे सगळं टेबलावर कर. जमिनीवर मांडून तासभर वाकून बसू नकोस, मागच्या वेळी त्यानंतर तुला उठता येत नव्हतं. पार्ट्स स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या अँटिस्टॅटिक पिशव्यांत घाल, साध्या प्लॅस्टिकमध्ये नको. स्क्रूंच्या पुड्यांवर कुठले ते लिही.

तपासणीच्या एक्स-रेने एसएसडीला काही होत नाही. तरी बॅकअप घे, एक इथे आमच्याजवळ ठेव. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घे. बोर्ड किंवा सेटिंग बदललं की मशीन ती मागतं, आणि की ज्या खात्यात आहे त्याचा ओटीपी इथल्या नंबरवर येत असला तर तिकडे अडकशील. विंडोज मशीनबरोबर आलेलं असेल तर त्याचं लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं. बोर्ड नेण्याचा हाही फायदा.

एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, १००-२४० व्होल्ट लिहिलंय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, जपानात १००, युरोपात २३०. तुझा नवा आहे, तो आपोआप जुळवून घेईल. जुन्यांना मागे ११५/२३० चा लाल खटका असायचा. तो ११५ वर ठेवून २३० ला लावला की धाडकन उडायचा, असे किती तरी माझ्या टेबलावर यायचे. ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही, आणि पुष्कळांना अर्थिंग नसतं. मग पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तिकडची तीन पिनांची पॉवर कॉर्ड घे, मागचं टोक सगळीकडे सारखंच. आणि थंडीतून बॅग घरात आणलीस की लगेच खोलून चालू करू नकोस. गार पार्टवर घरातल्या हवेचं पाणी धरतं. काही तास तशीच राहू दे.

भाषण झालं बघ. तुला यातलं निम्म्याहून जास्त माहीत आहे, रागावू नकोस. अक्काच्या घरून परतताना तू सुटकेस उचललीस आणि जिन्यातच खाली बसलीस, तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. डॉक्टरांनी तेव्हा काय सांगितलं ते तुला पाठ आहे, मी परत लिहीत नाही. इथे हाक मारली की कोणीतरी येतं. तिकडे पहिले काही दिवस शेजारी कोण राहतं हेसुद्धा तुला ठाऊक नसेल.

एवढं वाचूनही अख्खं न्यायचं असेल तर मी अडवणार नाही. पण कार्ड आणि कुलर काढूनच पॅक कर, बाजूची काच वेगळी गुंडाळ, आणि विमानतळावर सरळ हमालाला सांग, पैशाकडे बघू नकोस. नाही नेलंस तर कॅबिनेट मी फेकणार नाहीये. तुझा जुना बोर्ड माझ्या कपाटात आहे, तो त्यात बसवून बाबांना मशीन करून देणार आहे. भोकांसकट.

पार्ट्सची सगळी बिलं स्कॅन करून मेल केलीत. सिरियल नंबरांची यादी करून दोन प्रती बरोबर ठेव. अनेक देशांत राहायला येणाऱ्याच्या वापरलेल्या सामानावर कर लावत नाहीत, पण यादी मागतात. दादा शनिवारी खोकं घेऊन तुझ्याकडे येतोय. तो येईपर्यंत मशीन टेबलावरून खाली घेऊ नकोस, त्यालाच घेऊ दे.

तुझी,
आई