बुडण्याचा वेग मोजणाऱ्या मुलीला दोन मिनिटं द्या

संपादक महोदय,

आठवीतल्या माझ्या नातीनं विज्ञान प्रदर्शनात मांडलेला प्रयोग परीक्षकांनी ‘वर्किंग मॉडेल कुठंय?’ एवढं विचारून सोडून दिला. तिची वहीही कुणी उघडली नाही. शेजारच्या टेबलावर बाजारातून तयार आणलेलं, दिवे लुकलुकणारं मॉडेल होतं. गर्दी तिकडं होती.

तिचा प्रयोग साधाच. मीटरभर उंचीची पारदर्शक नळी, पाणी आणि क्लेचे सारख्या वजनाचे तुकडे. एकाचा गोळा केला, दुसऱ्याची चपटी चकती. मोबाइलवर चित्रण करून कोण किती वेळात तळाला जातं ते टिपलं. गोळा सरळ खाली गेला, चकती मात्र झाडावरून पान गळावं तशी हेलकावत उतरली. वजन तेच, क्लेही तीच, तरी पाणी चकतीला जास्त अडवतं.

मग तिनं पाण्यात कृष्णेच्या घाटावरची माती कालवली. वाळू बघता बघता खाली बसली, पण पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. माझी सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रात गेली, म्हणून हे पाहून मला फार आनंद झाला. १८५१ साली शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी मांडलेला हिशोब सांगतो, की बारीक कण आणखी दहापट बारीक झाला तर तो शंभरपट सावकाश बुडतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा मातीचा कण स्थिर पाण्यात मीटरभर उतरायला सुमारे तीन तास घेतो. त्याच्याही दहाव्या हिश्शाएवढ्या कणाला दहा-बारा दिवस लागतात. गावाला पाणी तर रोज हवं! म्हणून तुरटी घालायची. तुरटीनं कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते लवकर बसतात. पावसाळ्यात आम्ही रोज काचेच्या भांड्यांत वेगवेगळ्या मात्रेत तुरटी घालून हेच बघायचो. त्याला जार टेस्ट म्हणतात, आणि त्यावर त्या दिवशीची तुरटीची मात्रा ठरते.

आयोजकांना माझी विनंती आहे. गुणांच्या तक्त्यात मोजमाप आणि नोंदवहीसाठी वेगळा रकाना ठेवा. मॉडेल विकत आणलंय की स्वतः केलंय, हे मुलांना विचारा. परीक्षकांत पाणीपुरवठ्यातला एखादा माणूस घेता आला तर फारच बरं. असे निवृत्त लोक सांगली-मिरजेत पुष्कळ आहेत, आणि बोलावलं तर मीही येईन.

— एक निवृत्त फिल्टर ऑपरेटर, सांगली