ताई, त्या एका फोनबद्दल

उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंना,
स. न. वि. वि.

आजींना मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी. तीन डॉक्टर, तीन फायली. 'बाकीच्या गोळ्या दाखवा' असं आजवर एकाही दवाखान्यात कुणी म्हटलं नाही. 'जुनी औषधं चालू ठेवा' एवढं खरडलं की पुढचा पेशंट आत.

तुम्ही ओसरीवर पेपर पसरून अख्खी पिशवी त्यावर ओतायला लावलीत. चुरगळलेली पाकिटं उजेडात धरून मागचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचलंत. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत साखर उतरवणारं एकच औषध, ग्लिमेपिराइड, निघालं. पहाटे दरदरून घाम, हातांची थरथर, हे सगळं वयावर ढकललं जात होतं. खरं तर साखर उतरत होती. शिवाय रक्तदाबाचं टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि गुडघेदुखीचं डायक्लोफिनॅक रोज एकत्र. मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी डायक्लोफिनॅक आवळतं, बाहेर नेणारी टेल्मिसार्टन सैल सोडतं, लघवीची गोळी अंगातलं पाणी घटवते; गाळणीला लागणारा दाबच उरत नाही.

'डॉक्टरांना विचारून या' म्हणून आम्हाला परत धाडता आलं असतं. तुम्ही तिथंच फिजिशियनना फोन लावलात, स्पीकर सुरू केलात आणि आजींना म्हणालात, "तुमचा त्रास तुम्हीच सांगा." आजवर आजींबद्दल सगळे बोलले होते, आजींना कुणी बोलू दिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले. अशी माणसं खात्यात आहेत म्हणून गावं तगून आहेत, ताई.

मग ते कार्ड: औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, कशासाठी, कोणी दिलं. आजींना वाचता येत नाही म्हणून सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र. मागे रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), दर ३ महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर). बंद केलेली गोळी पुसायची नाही, एक रेघ मारून तारीख आणि कारण लिहायचं; नाहीतर पुढचा डॉक्टर तीच पुन्हा सुरू करतो. साखर ७० च्या खाली गेली तर ३ छोटे चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासणी, हे आशाताईंनी घरातल्या पोरांकडूनही पाठ करून घेतलंय.

परवा गुडघ्याच्या डॉक्टरांनी ते कार्ड पाहिलं. डायक्लोफिनॅकवर रेघ मारली, पॅरासिटामॉल लिहिलं आणि कारणाचा रकाना स्वतःच्या हातानं भरला.

आपले,
आजींच्या घरची मंडळी