बोटे फोनवर दिसत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील अन्नसाहाय्याच्या वाढवलेल्या अटींवरील लेख कालच्या अंकात वाचला. कायद्याची कलमे लेखकाने नीट मांडली आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘आजारी व्यक्तींना कामाची अट लागू नसल्याने काळजीचे कारण नाही’ एवढ्या एका वाक्यात त्यांनी आजाऱ्यांचा विषय मिटवून टाकला, आणि हे पत्र त्या वाक्यासाठी आहे. ही सूट कशी मिळवावी लागते, हे मी गेले काही महिने घरातच पाहते आहे.

माझ्या थोरल्या नणंदबाई ५८ वर्षांच्या आहेत. न्यू जर्सीत एका भारतीय वाणसामानाच्या दुकानामागच्या स्वयंपाकघरात त्यांनी १९ वर्षे पोळ्या लाटल्या. त्यांचे यजमान वारले, पुढे आमवाताने काम सुटले. आता दोन्ही हातांची बोटे करंगळीच्या बाजूला वळली आहेत आणि चहाचा पेला त्या दोन तळव्यांत धरून पितात. इकडे औषधांच्या बाटल्यांना लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशी, दाबून फिरवायची झाकणे असतात. दर रविवारी मी जाऊन ती सगळी सैल करून ठेवते, म्हणजे आठवडाभर त्यांना स्वतःच्या हाताने गोळ्या घेता येतात.

सांभाळायला लहान मूल नसलेल्या, धडधाकट समजल्या जाणाऱ्या माणसाने महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा स्वयंसेवा दाखवावी, अन्यथा ३६ महिन्यांत केवळ ३ महिने फूड स्टॅम्प, म्हणजे हे सरकारी अन्नसाहाय्य, घ्यावेत, ही अट १९९६ची आहे. जुलै २०२५च्या कायद्याने तिची वयोमर्यादा ५४ वरून ६४ वर नेली, आणि नणंदबाई तिच्या कक्षेत आल्या. ज्यांना अपंगत्वाचा भत्ता मिळतो त्यांना सूट मिळते, हे खरे आहे. नणंदबाईंचा त्यासाठीचा अर्ज एकदा फेटाळला गेला असून त्यावरचे अपील पडून आहे. उरला तो आजारपणाच्या दाखल्याचा मार्ग.

नियमात एक माणुसकीची तरतूद आहे. माणूस काम करण्यास असमर्थ असल्याचे अन्नसाहाय्य कार्यालयाच्या कर्मचाऱ्याला उघड दिसत असेल, तर दाखल्याची गरज नाही. नणंदबाईंच्या हातांकडे एकदा पाहणाऱ्या कोणालाही शंका उरणार नाही. पण त्यांची मुलाखत फोनवर झाली. पलीकडच्या बाईंनी सौजन्यानेच विचारले, ‘तुम्हाला काम करता येते का?’ आणि जन्मभर कोणापुढे रडगाणे न गायलेल्या आमच्या नणंदबाई म्हणाल्या, ‘थोडेथोडे जमते.’ तेवढेच टिपून घेतले गेले.

मग दाखल्याचा फॉर्म आला. दवाखान्यात सांगितले की फॉर्म भरायला कामाचे १० दिवस लागतील आणि २५ डॉलर वेगळे पडतील. डॉक्टरांनी ‘जड वस्तू उचलू नये’ असे लिहून सही केली. त्यांनी ते काळजीपोटीच लिहिले असणार, परंतु कार्यालयाने त्याचा अर्थ हलके काम करता येते असा लावला, शिवाय ‘किती काळासाठी’ हा रकाना कोरा म्हणून फॉर्म परत पाठवला. दुसऱ्यांदा डॉक्टर रजेवर होते. सही डॉक्टरांचीच हवी, असे आम्हाला दवाखान्यातही सांगितले आणि कार्यालयातही. प्रत्यक्षात परिचारिका, मानसशास्त्रज्ञ, इतकेच काय, समाजसेवकाचेही निवेदन नियमाला चालते. हे आम्हाला मोफत कायदेविषयक मदत करणाऱ्या एका तरुणीकडून कळले, आणि अखेर परिचारिकेच्या सहीने काम झाले. तोवर ३ महिन्यांतील २ महिने कागद फिरण्यातच खर्ची पडले होते. कार्यालयाकडून येणाऱ्या पत्रांच्या मागे दुभाषा मागण्यासाठी निरनिराळ्या भाषांत एकेक ओळ छापलेली असते. त्यात गुजराती होती, हिंदी होती, मराठी नव्हती. इतकी मराठी कुटुंबे या राज्यात राहत असताना आपल्या एकाही मंडळाने त्या एका ओळीसाठी अर्ज करू नये, याचे मला फार वाईट वाटते.

आपल्या लेखात मेडिकेडचा उल्लेख नाही, आणि मला धास्ती त्याचीच आहे. १ जानेवारी २०२७पर्यंत त्या सरकारी आरोग्यविम्यालाही नणंदबाईंसारख्यांसाठी ८० तासांची अट लागू होणार आहे आणि पात्रतेची तपासणी दर सहा महिन्यांनी होणार आहे. आजाऱ्यांना तेथेही सूट आहे. परंतु ज्या डॉक्टरांनी आजाराचा दाखला द्यायचा, त्यांचे बिल हाच विमा भरतो. एखादा कागद वेळेत पोहोचला नाही आणि विमा तुटला, तर पुढचा दाखला त्यांनी आणायचा कोठून? आर्कान्सा राज्यात २०१८ साली हेच झाले. तास नोंदवायचे ते संकेतस्थळावर, आणि ते संकेतस्थळ रात्री नऊ ते सकाळी सात बंद. न्यायालयाने मार्च २०१९मध्ये ती अट थांबवली, तोवर १८,००० हून अधिक लोकांचा विमा गेला होता. ज्यांना अट लागू होती त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक लोक एकतर ती आधीच पूर्ण करत होते किंवा सवलतीस पात्र होते, असे नंतरच्या पाहणीत आढळले. म्हणजे ‘काळजीचे कारण नाही’ असे आपण ज्यांच्याविषयी छापले, तेही त्यात होते.

नणंदबाईंना मिळालेली सूट सहा महिन्यांची आहे. मुदत संपण्यापूर्वी तोच फॉर्म पुन्हा भरायचा आहे, आणि ‘किती काळासाठी’ या रकान्यासमोर परिचारिकेने या वेळी ‘कायम’ असे लिहावे, म्हणून मी आतापासूनच त्यांच्या मागे लागले आहे.

ते वाक्य कृपया दुरुस्त करावे. सूट आहे, पण ती मागावी लागते, वेळेत मागावी लागते आणि दर वेळी नव्याने सिद्ध करावी लागते, एवढे तरी त्याच जागी छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी