मीडियम वेव्ह मोडीत काढण्याआधी : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

आकाशवाणीचे मीडियम वेव्ह प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत देशभर एकामागून एक बंद होत गेले. श्रोते एफएम आणि मोबाईलकडे वळले, जुन्या यंत्रांचा विजेचा आणि देखभालीचा खर्च डोईजड झाला, ही कारणे खरी आहेत आणि त्यांवर मला वाद घालायचा नाही. माझी विनंती एवढीच आहे की जळगाव आकाशवाणीची ९६३ किलोहर्ट्झ ही वारंवारता आणि तिच्यासाठी उभारलेली यंत्रणा कायमची सोडून देण्याआधी, त्या लहरीवरून कार्यक्रमाच्या बरोबरीने कृषिपंपांसाठी आणि पुराच्या इशाऱ्यांसाठी संथ गतीचे सांकेतिक संदेश पाठवण्याचा एक प्रयोग खान्देशात करावा.

मीडियम वेव्हवर आवाज जातो तो लहरीच्या कमी-जास्त होणाऱ्या उंचीतून, आणि घरातला साधा रेडिओ फक्त ही उंची वाचतो. तीच लहर ठरावीक लयीत किंचित पुढे-मागे सरकवली, म्हणजे तिची कला बदलली, तर साध्या रेडिओवर त्याची खरखरसुद्धा ऐकू येत नाही. मात्र त्यासाठी बनवलेला छोटा ग्राहक, म्हणजे रिसीव्हर, तो बदल अचूक टिपतो. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून विजेच्या मीटरांना याच पद्धतीने आज्ञा दिल्या गेल्या. बीबीसी रेडिओ फोरच्या १९८ किलोहर्ट्झच्या दीर्घ लहरीची कला २२.५ अंश पुढे-मागे करून सेकंदाला २५ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे २५ संकेत, पाठवले जात. पन्नास बिटांचा एक संदेश, म्हणजे दोन सेकंदांत एक आज्ञा. लोक बातम्या आणि क्रिकेटचे धावते वर्णन ऐकत असत, आणि त्याच लहरीवरून घराघरांतल्या मीटरांना रात्रीचा स्वस्त दर लागू झाल्याचे कळवले जात असे.

सेकंदाला २५ बिट ही गती आजच्या काळात हास्यास्पद वाटेल, पण आमच्याकडचा प्रश्न गतीचा नाही. रावेर, यावल आणि चोपडा या पट्ट्यातील केळी, कापूस आणि रब्बीची पिके कृषिपंपांवर उभी आहेत, आणि शेतीची लाईट पाळीने येते. ती रात्री आली की मोटार चालू करायला शेतकऱ्याला अंधारात शेतात जावे लागते, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत बिबट्याची भीती काल्पनिक नाही. म्हणून तो स्टार्टरला ऑटो स्विच बसवतो. लाईट येताच डीपीवरच्या, म्हणजे गावच्या रोहित्रावरच्या, सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट असतो, आणि डीपी जळते. मग ती बदलून येईपर्यंत पीक वाळते, आणि ऐन उन्हाळ्यात केळीला हा उपास सोसत नाही. ऑटो स्विच काढून टाका, असे महावितरण वेळोवेळी आवाहन करते. पण ज्याला रात्री बांधावर जायचे आहे त्याने ते का काढावे, याचे पटण्यासारखे उत्तर त्याला अजून कोणी दिलेले नाही.

या पेचातून रेडिओ वाट काढू शकतो. स्टार्टरच्या पेटीत लहर पकडणारी एक फेराइटची दांडी आणि छोटा ग्राहक बसवायचा आणि प्रत्येक डीपीवरच्या मोटारी चार-सहा गटांत वाटायच्या. लाईट आली की कोणत्याही पेटीने मोटार आपण होऊन चालू करायची नाही. रेडिओवरून आगाऊ आलेल्या वेळापत्रकातली आपल्या गटाची वेळ येईपर्यंत थांबायचे. पहिला गट, काही सेकंदांनी दुसरा, मग तिसरा. शेतकरी घरी झोपलेला असेल आणि डीपी शाबूत राहील. सिमकार्डवर चालणारे स्टार्टर बाजारात आहेत आणि ज्याला परवडतात तो ते वापरतो; पण प्रत्येक मोटारीमागे रिचार्ज लागतो आणि शिवारात मोबाईलची रेंज लागते. प्रक्षेपणाला मात्र ऐकणारी पेटी एक असो की एक लाख, काही फरक पडत नाही. उद्या सौर वाहिन्यांमुळे सगळी शेती दिवसाच्या विजेवर आली, तरी लाईट आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उठण्याचा प्रश्न तसाच राहणार आहे.

दुसरा उपयोग तापीकाठासाठी आहे. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. किती दरवाजे उघडले हा आकडा सहा बिटांत मावतो. त्याला काठावरच्या गावांचा सांकेतिक क्रमांक आणि वेळ जोडली तरी संदेश काही सेकंदांत पूर्ण होतो. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा या बंधाऱ्यांखालच्या गावांतही भोंग्याची पेटी असा संदेश ऐकू शकेल. पुराच्या रात्री वीज जाते आणि तिच्यापाठोपाठ मोबाईलचे मनोरेही गप्प होतात, तेव्हा बॅटरीवर चालणारी ही पेटी जागी असेल.

आक्षेप येतील, ते मी आधीच मांडतो. ब्रिटनने ही सेवा ३० जून २०२५ नंतर टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली, कारण तिथे यंत्रे जुनी झाली आणि स्मार्ट मीटरचा पर्याय उभा राहिला. पण फ्रान्सने २०१६ च्या अखेरीस १६२ किलोहर्ट्झवरचे कार्यक्रम थांबवले आणि लहर मात्र चालू ठेवली, कारण तिच्या कलेत लपवलेल्या वेळसंकेतावर तिथली रेल्वे आणि इतर सार्वजनिक घड्याळे अवलंबून होती. कार्यक्रम संपला की लहरही संपते, असा नियम नाही.

सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. जर्मनीत रेडिओवरून पथदिवे आणि वीजनिर्मिती नियंत्रित करणाऱ्या अशाच यंत्रणेचे संदेश बनावट तयार करता येतात, हे संशोधकांनी २०२४ च्या डिसेंबरमध्ये दाखवून दिले. म्हणून आपल्याकडे पहिल्या दिवसापासून आज्ञेला अंकीय स्वाक्षरी हवी. ५१२ बिटांची स्वाक्षरी या गतीने पाठवायला सुमारे वीस सेकंद लागतील. पुढच्या पाळीचे वेळापत्रक आगाऊ पाठवायचे असल्याने तेवढा वेळ हाताशी आहे. पुराच्या इशाऱ्यासाठी आखूड संकेत वेगळा ठरवावा लागेल.

शंका खरी आहे ती रात्रीच्या प्रक्षेपणाची. दिवसा मीडियम वेव्हची लहर जमिनीलगत जाते, आणि आमची काळी जमीन ओलीत असताना तिला चांगली साथ देते. रात्री मात्र आकाशातून परतणारी लहर तिच्यात मिसळते आणि दूरच्या ठिकाणी कला बिघडते. यावल, चोपडा आणि रावेर जळगावपासून हवाई अंतराने साठ किलोमीटरच्या आत आहेत. तिथे अडचण कमी यावी. धडगाव आणि तोरणमाळ त्याच्या दुपटीहून दूर, डोंगराआड आहेत, आणि मोबाईलची रेंज तुटक असल्याने या सेवेची सर्वाधिक गरज तिथेच आहे. तिथे संदेश रात्री किती शुद्ध पोचतो, हे कागदावर ठरवता येणार नाही, मोजावे लागेल.

मध्यम लहरीवर अशी माहिती पाठवण्याचे मानक युरोपात तयार झालेले आहे आणि त्याची गती सेकंदाला सुमारे ४७ बिट आहे, त्यामुळे आपल्याला शून्यापासून सुरुवात करायची नाही. आकाशवाणीने डीआरएम या अंकीय पद्धतीवर मोठा खर्च केला, पण तिचे ग्राहक शेतकऱ्याच्या घरी पोचले नाहीत; या पद्धतीत जुना रेडिओ आहे तसाच वाजत राहतो, हा तिचा मोठा गुण आहे.

तेव्हा प्रसार भारतीने ९६३ किलोहर्ट्झवर एक पावसाळा आणि एक रब्बी हंगाम चाचणी-प्रक्षेपण करावे. राज्याच्या ऊर्जा व जलसंपदा विभागांना त्यात सामील करून घ्यावे. यावल, रावेर, चोपडा, शहादा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांत ग्राहक-पेट्या बसवाव्यात. आणि किती संदेश पोचले, किती चुकले, याची गाववार नोंद मराठीत जाहीर करावी. आकडे प्रतिकूल निघाले तर वारंवारता सोडण्याचा निर्णय आम्ही मान्य करू. तोपर्यंत मनोरा आणि त्याच्याभोवती जमिनीत पुरलेली तांब्याच्या तारांची जाळी लिलावात काढू नये, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
चोपडा तालुक्यातील एक शेतकरी, जि. जळगाव